मराठवाड्याच्या हवेत सिगार फाटतो, कोंदतो, कडू लागतो : दोष कुठे शोधायचा

माझ्या वहीत एकाच सिगारबद्दल तीन शेरे आहेत. मे महिन्यातला : ‘दहा मिनिटांत वरचं पान उकललं. धूर गरम, जीभ पोळली, चव कागद जाळल्यासारखी.’ जुलैतला : ‘ओढच बसत नाही, झुरक्याला धूर येत नाही. तीनदा विझला. कुबट वास.’ डिसेंबरातला : ‘भाजलेले शेंगदाणे, कोको, शेवटी मिऱ्याची चुणचुण. राख बोटाच्या पेराएवढी टिकली. फार सुरेख.’

डबा एकच होता. निकाराग्वातल्या एस्तेली गावी हाताने वळलेले दहा रोबुस्टो, म्हणजे आखूड, जाडसर सिगार, भाच्याने दुबईहून येताना आणलेले. पानं तीच, वळणावळ तीच. बदलली होती ती फक्त छत्रपती संभाजीनगरची हवा. मी मात्र मे महिन्यातच त्या सिगारला दहापैकी तीन गुण देऊन मोकळा झालो होतो आणि ‘घेऊ नका’ असं दोघांना सांगितलंही होतं. याची मला अजून खंत वाटते. एका चांगल्या सिगारमागे रोप लावण्यापासून पान सुकवणं, आंबवणं, मुरवणं आणि वळणं अशी काही वर्षांची मेहनत असते. तिच्यावर आपण तासाभरात शेरा मारतो, आणि तोही बऱ्याचदा आपल्याच हवेवरचा असतो.

परभणी, लातूर, जालना, नांदेड इथल्या ओळखीच्यांकडून हेच तीन-चार प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून एकदा सविस्तर लिहितो. जे सिगार ओढत नाहीत त्यांनी हे वाचून सुरू करू नये, हे मनापासून सांगतो. धूर छातीत घेतला नाही तरी तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका राहतोच. हा मजकूर आधीपासून कधीमधी ओढणाऱ्यांसाठी आहे.

आधी पापड आठवा

पावसाळ्यात डब्याचं झाकण नीट बसलं नाही की पापड सादळतो, आणि मे महिन्यात तोच हात लावला की तुटतो. तंबाखूचं पान तसंच वागतं. आजूबाजूच्या हवेत जेवढा ओलावा असेल तेवढा ते घेतं नाही तर सोडतं. क्युबातलं व्हुएल्टा अबाहो असो की निकाराग्वा, ही पानं दमट हवेत वाढतात आणि दमट हवेतच वळली जातात. म्हणून सिगार ६५ ते ७० टक्के आर्द्रतेत आणि १८ ते २१ अंशांत ठेवावा असं जगभर सांगतात.

आता आपल्याकडचं बघा. एप्रिल-मेच्या दुपारी पारा ४० च्या वर आणि हवेतला ओलावा २० टक्क्यांच्या आसपास. जुलै-ऑगस्टात झड लागली की तोच ओलावा ८० च्या पुढे. हिवाळ्यात थंडी छान पडते, पण दुपारची हवा पुन्हा कोरडीच. म्हणजे ज्या ६५-७० मध्ये सिगारने वर्षभर राहायला हवं, ती हवा आपल्याकडे आपोआप मिळते ती पावसाळा सरतानाच्या थोड्या दिवसांत. उरलेलं वर्षभर ती आपल्यालाच डब्यात तयार करावी लागते.

मीटरवर विश्वास ठेवण्याआधी मिठाची परीक्षा

मे महिन्यात हात पोळल्यावर मी ओलावा मोजायचा छोटा डिजिटल मीटर आणला. जुलैत तो डब्यात ७० दाखवत होता, म्हणून मी निर्धास्त. तरी सिगार कोंदलेले. मग कुणीतरी मिठाची परीक्षा सांगितली.

ती अशी. सोड्याच्या बाटलीचं झाकण घ्या. त्यात साधं मीठ भरा आणि पाण्याचे अगदी मोजके थेंब टाका. मीठ विरघळून पाणी होता कामा नये, ओल्या वाळूसारखं दिसलं पाहिजे. हे झाकण आणि मीटर दोन्ही झिपच्या पिशवीत ठेवा, पिशवी घट्ट बंद करा आणि रात्रभर हलवू नका. ओल्या मिठावरच्या बंद हवेत आर्द्रता ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. हा मिठाचा गुणधर्मच आहे आणि आपल्या खोलीच्या तापमानाने त्यात फारसा फरक पडत नाही. सकाळी पिशवी न उघडता बाहेरूनच आकडा वाचा.

माझा मीटर ६८ दाखवत होता. सात कमी. म्हणजे डब्यात जे ७० वाटत होतं ते खरं ७७ होतं. इतके दिवस मी सिगार भिजवत होतो आणि मीटर बघून समाधान मानत होतो. आता मीटरच्या पाठीवर चिकटपट्टी लावून ‘+७’ लिहून ठेवलंय. दर सहा महिन्यांनी मीठ पुन्हा करतो, कारण हे मीटर काळाने सरकतात.

पुढे जे काही लिहिलंय त्याला ही परीक्षा केल्याशिवाय अर्थ नाही.

मे : वरचं पान तडकतं, धूर तिखट आणि गरम

कारण सरळ आहे. सिगार पेटला की आतली पानं उष्णतेने आणि वाफेने फुगतात. वरचं पान ओलसर असेल तर ते थोडं ताणलं जातं. कोरडं असेल तर ताण सहन होत नाही आणि उभी चीर पडते. शिवाय कोरडा तंबाखू भराभर जळतो, धूर तापतो आणि पानातली नाजूक चव त्या तापात हरवते. जीभ पोळते ती त्यामुळे. तेज तंबाखू वेगळा आणि तापलेला धूर वेगळा. पहिल्या काही वेळा हे दोन्ही मला एकच वाटायचे.

आपल्याकडे आणखी एक भानगड होते. दिवसभर कूलर चालतो, खोलीत ओलावा चढतो. रात्री एसी लावला की उतरतो. मध्येच लाईट जाते. नुसत्या कोरडेपणापेक्षा ही चढउतार पानाला जास्त मारते, कारण पान रोज फुगतं आणि रोज आकसतं. लाकडी पेटी असेल तर तिचंही लाकूड वाळतं, झाकणाला फट पडते आणि ओलावा तिथून निघून जातो.

म्हणून मी लाकडी पेटीचा हट्ट सोडला. झाकणाला रबर असलेला, चारही बाजूंनी कड्या लागणारा प्लास्टिकचा डबा घ्या. नवा असेल तर धुऊन आठवडाभर उघडा ठेवा, प्लास्टिकचा वास जाऊ द्या. आत सिगारच्या खोक्यातल्या सिडरच्या पातळ पट्ट्या ठेवल्या की पुरे. इथे एक सांगायला हवं. सिडर म्हणजे देवदार असं समजून एका ओळखीच्यांनी सुताराकडून देवदारची पेटी बनवून घेतली आणि चार महिन्यांत सगळ्या सिगारना राळेचा वास लागला. सिगारच्या पेटीतलं ‘स्पॅनिश सिडर’ हे देवदार नाही. ते आपल्या कडुनिंबाच्या आणि महोगनीच्या कुळातलं झाड आहे. त्याचा वास तंबाखूला मानवतो.

ओलाव्यासाठी दुहेरी काम करणारी पाकिटं मिळतात, बोवेडासारखी. ती कमी पडलेला ओलावा देतात आणि जास्तीचा शोषून घेतात. ६० ग्रॅमचं एक पाकीट साधारण २५ सिगारना पुरतं. मी ६५ टक्के आर्द्रता राखणारं वापरतो, ६९ किंवा ७२ चं नाही. थंड खोलीत ७० चालतं, पण आपली खोली तेवढी थंड नसते, आणि उष्ण हवेत तोच ७० चा आकडा बुरशीला जवळ करतो. स्पंजचं जुनं यंत्र असेल तर त्यात डिस्टिल्ड वॉटरच घाला, बॅटरीच्या दुकानात मिळतं ते. बोअरचं पाणी चुकूनही नको. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने किटलीला जो पांढरा थर चढतो तोच त्या स्पंजमध्ये साठतो, आणि दोन महिन्यांत तो दगड होतो.

राहिली उष्णता. मे महिन्यात बंद खोली ३६-३७ पर्यंत जाते आणि एसी चोवीस तास कुणाला परवडतो? यावर मला सापडलेला उपाय आपल्याच अंगणातला आहे. एका मोठ्या कुंडीत लहान माठ ठेवला, दोघांमधली जागा वाळूने भरली. वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं, वरून ओलं पोतं. लहान माठात हवाबंद डबा. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडतं आणि उडताना आतली उष्णता घेऊन जातं, माठातलं पाणी गार होतं त्याच न्यायाने. गेल्या मे महिन्यात खोलीत ३७ असताना डब्यात २६ होतं. डब्याचं रबर मात्र चोख हवं, कारण माठात ओलावा ९० च्या घरात जातो आणि तो आत शिरला तर सगळंच बिघडेल. मृग बरसला की ही सोय बंद. दमट हवेत पाणी उडत नाही, मग गारवाही येत नाही.

आणि ओढताना काय? डब्यात सगळं ठीक असलं तरी दुपारी गच्चीवर झळांमध्ये बसून सिगार पेटवला तर वरचं पान दहा मिनिटांत वाळतं, आत मात्र ओल तशीच. म्हणजे फुटणारच. उन्हाळ्यात मी भल्या पहाटे बसतो, घरातच, खिडकी उघडी ठेवून, लेकरं नसलेल्या खोलीत. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला कायद्याने बंदी आहेच, त्यामुळे बाहेर बसायचा प्रश्नच नाही.

चीर पडलीच तर सिगार फेकू नका. डिंकाच्या लाडवांचा खायचा डिंक चिमूटभर घ्या, चमचाभर कोमट पाण्यात विरघळू द्या, काडीच्या टोकाने चिरेवर अगदी पातळ लावा आणि बोटाने मिनिटभर दाबून धरा. सिगार वळणारे कारागीरही टोपी, म्हणजे ओठांकडच्या टोकाचं झाकण, चिकटवायला बिनवासाचा वनस्पतीचा डिंकच वापरतात. चीर मोठी असेल तर आधीच्या एखाद्या फाटलेल्या सिगारच्या वरच्या पानाचा तुकडा ठिगळ म्हणून लावता येतो. मी जुनी पानं त्यासाठी पाकिटात जपून ठेवतो.

पूर्ण वाळलेला सिगार परत आणायचा असेल तर घाई नको. लोक ओलं फडकं गुंडाळतात. बाहेरचं पान एकदम फुगतं, आतलं कोरडंच, आणि रात्रीतून ते उसवतं. झिपच्या पिशवीत सिगार ठेवा, पिशवीचं तोंड बोटभर उघडं ठेवा आणि ती पिशवी ६५ च्या डब्यात तीन-चार आठवडे राहू द्या. मधूनमधून सिगार थोडा फिरवा. पान लवचीक होईल, जळेलही नीट. पण उडून गेलेलं तेल आणि सुगंध परत येत नाहीत. असा सिगार ओढावा, त्यावर गुण मात्र लिहू नयेत.

श्रावण : ओढ बसत नाही, सारखा विझतो

सादळलेला सिगार बोटांनी हलकेच दाबला की स्पंजासारखा लागतो आणि दाब काढल्यावर हळूहळू वर येतो. चांगल्या स्थितीतला सिगार दाबल्यावर लगेच वर येतो, वाळलेला करकरतो. हा बोटांचा अंदाज मीटरइतकाच उपयोगी आहे, फक्त तो यायला वीस-तीस सिगार हाताखालून जावे लागतात.

बाहेरच्या बऱ्याच सल्ल्यांत लिहिलेलं असतं की जास्त ओला सिगार दोन दिवस रिकाम्या लाकडी खोक्यात उघडा ठेवा, म्हणजे वाळेल. तो सल्ला त्यांच्या हवेपुरता खरा. आपल्याकडे ऑगस्टात खोलीतच ८५ असतं. मी मोठ्या विश्वासाने तसं केलं आणि सिगार आणखी सादळले. मे महिन्यात हाच उपाय केला तर दोन तासांत पान तडकतं. पावसाळ्यात सिगार छोट्या हवाबंद डब्यात ६२ च्या नव्या पाकिटासोबत ठेवा, पाच-सहा दिवस. जास्तीचा ओलावा पाकीट ओढून घेतं. माझा जुलैतला चौथा सिगार असाच वाचला.

तरीही ओढ घट्टच राहिली तर दोष हवेचा नसून वळणावळीचा असू शकतो. पानं एका जागी जास्त दाबली गेली की गाठ होते. सिगार दोन बोटांत धरून टोपीपासून पायापर्यंत हलकेच चाचपा. एखाद्या जागी खडा लागल्यासारखं वाटेल. तिथे लांब बारीक सुई किंवा यासाठीच मिळणारं हत्यार टोपीकडून सरळ घालून हळू फिरवत बाहेर काढा. तिरकं गेलं तर वरचं पान फाडेल. आणि हे पेटवण्याआधी करा, म्हणून पेटवण्याआधी कोरडा झुरका घेऊन बघायचा. कोल्ड्रिंकची बारीक स्ट्रॉ ओढताना जेवढा जोर लागतो तेवढा ठीक. जाड मिल्कशेक ओढल्यासारखा लागला तर थांबा.

पांढरे ठिपके दिसले तर? त्याला ‘मुरल्याची खूण’ म्हणून कौतुकाने दाखवणारे भेटतात. पांढरं काही दिसलं की मी आधी बुरशीच समजतो. भिंगाखाली केसाळ दिसलं, हिरवट-निळसर झाक असली, पुसल्यावर डाग उरला तर बुरशी नक्की. सिगारच्या पायाशी, म्हणजे पेटवायच्या टोकाला, बुरशी असेल तर ती आतपर्यंत गेलेली असते. तो सिगार टाकून द्या, कितीही महाग असो.

किड्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण एक किडा सगळा डबा खातो. वरच्या पानावर टाचणीच्या टोकाएवढी गोल भोकं आणि तळाशी बारीक भुसा दिसला की समजा तंबाखूचा भुंगा. तांबूस, दोन-तीन मिलिमीटरचा. हिंगोली-वसमतकडच्या ज्यांच्या घरी हळद साठवलेली असते त्यांना तो अनोळखी नाही. हळकुंडांना आणि धण्यांना लागतो तोच हा किडा. म्हणून सिगारचा डबा मसाल्याच्या कपाटात ठेवू नका, एकतर वास लागतो आणि वर किड्याला शेजार मिळतो. याची अंडी पानात आधीच असू शकतात. २३-२४ अंशांच्या वर ती उबू लागतात आणि आपलं घर वर्षातले बहुतेक महिने त्याच्या वरच असतं.

नवा डबा आला की मी सगळे सिगार झिपच्या दोन पिशव्यांत घालून, हवा काढून, एक दिवस फ्रिजमध्ये, मग चार दिवस डीप फ्रीजरमध्ये उणे १८ वर, मग पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये, आणि नंतर एक दिवस पिशवी न उघडता बाहेर ठेवतो. पायऱ्या गाळल्या तर पान तडकतं. छोट्या एक-दारी फ्रिजचा बर्फाचा कप्पा एवढा थंड होत नसतो, त्याच्यावर भरवसा नको. ओळखीत कुणाकडे मोठा फ्रीजर असेल तर चार दिवस मागून घ्या.

अर्ध्यानंतर कडू होतो

डब्यात ६५, मीटर तपासलेला, तरी मध्यावर कडवटपणा येतो, असं बरेच जण सांगतात. मी त्यांना एकच विचारतो : मिनिटाला किती झुरके? बिडी किंवा सिगारेट ओढलेल्या माणसाला सवय असते भराभर ओढायची. बिडीला ते भागच आहे, टेंभुर्णीचं पान दम सोडला की विझतं. सिगारला मिनिटाला एक झुरका पुरे. रोबुस्टो म्हणजे साधारण पाच इंच लांब आणि ५० रिंगचा, रिंग म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग. असा सिगार पाऊण तास ते तासभर चालायला हवा. वीस-पंचवीस मिनिटांत संपला तर तो तुम्ही भाजून खाल्ला.

कडू लागलं की दोन मिनिटं खाली ठेवा. मग एक हलकी फुंकर सिगारमधून बाहेरच्या दिशेने मारा, साचलेला शिळा धूर निघून जातो. कापलेलं टोक ओलं आणि काळपट चिकट झालंय का बघा, तो चिकटा जिभेवर आला की सगळंच कडू. फडक्याने टिपा, नाहीतर टोकाची दोन मिलिमीटरची चकती पुन्हा कापा. कापताना टोपी जिथे खांद्याला वळते त्याच्या वरच थांबायचं, खाली गेलं तर पान उलगडत जातं.

पेटवतानाचंही बघा. पेट्रोलच्या लायटरचा वास पहिल्या इंचभर टिकतो. गॅसचा लायटर बरा. काडेपेटी असेल तर गुल पूर्ण जळून लाकूड पेटेपर्यंत थांबा.

आणि धुरात जर अमोनियाचा, म्हणजे गोठ्यासारखा झणका येत असेल तर तो सिगार अजून कच्चा आहे. पान आंबताना अमोनिया बाहेर पडत जातो, काही बाकी राहतो. डबा बंद करून सहा महिने विसरा.

एका बाजूनेच जळत असेल तर वर बघा. छताचा पंखा फिरत असेल तर वारा लागणारी बाजू आधी जळते. पंखा बंद करा, मागे पडलेली बाजू खालच्या दिशेला धरा किंवा तिलाच किंचित ज्योत दाखवा. याहून जास्त त्यात काही नाही.

सगळ्याच सिगारना मिऱ्याची चव येते

एका लातूरच्या पाहुण्यांनी पाच वेगवेगळ्या सिगारवर एकच शेरा लिहिला होता : ‘तिखट, मिरी.’ विचारलं तर कळलं, पाचही रात्री जेवणानंतर ओढलेले, आणि जेवणात ठेचा किंवा येसराची आमटी. मिरचीने तोंडात जी आग होते ती चव नसून जळजळ असते. तिच्यावर धूर गेला की मेंदूला फक्त तिखटच कळतं. ज्या दिवशी सिगार पारखायचा त्या दिवशी साधं जेवण, वरण-भात, दही-भाकरी, आणि मध्ये तास-दीड तास. तंबाखू-चुना किंवा पान खाल्लेलं असेल तर तो दिवसच सोडा. चुन्याने आणि काताने तोंड दिवसभर तुरट राहतं. जिभेला मधून साफ करायला मी साधं पाणी आणि ज्वारीच्या भाकरीचा कोरडा पापुद्रा ठेवतो. बिस्किटात साखर असते, ती चव लपवते.

दुसरं म्हणजे नाक. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढंच कळतं. कोको, कातडं, भाजका दाणा हे सगळं नाकाचं काम. सर्दी झाल्यावर आमटी पाणचट लागते ते त्यामुळेच. तोंडातला धूर गिळायचा नाही, छातीत न्यायचा नाही. थोडा तोंडाने सोडायचा आणि उरलेला अगदी थोडा नाकावाटे बाहेर काढायचा. सुरुवातीला झोंबतं. एका सिगारमध्ये चार-पाच वेळा पुरे, पण शेऱ्यातला निम्मा मजकूर त्यातूनच मिळतो.

मग शेरा

आता वहीत प्रत्येक सिगारपुढे सगळ्यात आधी चार गोष्टी लिहितो : डब्यातली आर्द्रता, खोलीची आर्द्रता, तापमान, आणि शेवटचं काय खाल्लं. त्यानंतरच दिसणं, कोरड्या झुरक्याची चव, ओढ, जळण्याची कड, राख. मग चवीचे तीन भाग, पहिला तिसरा हिस्सा, मधला, शेवटचा. चांगला सिगार या तिन्हींत बदलत जातो. नुसता तेज होत गेला तर त्याला मी बदल म्हणत नाही.

लेबलाची कड्याएवढी पट्टी ओढण्याआधी काढून ठेवतो, आणि घरात कुणी असेल तर सिगार त्यांनाच निवडून द्यायला सांगतो. किंमत माहीत असली की जीभ खोटं बोलते.

शब्दांचं मला विशेष महत्त्व वाटतं. इंग्रजी पुस्तकातले ‘हिकरी’, ‘ग्रॅहम क्रॅकर’ उतरवून काय उपयोग, जे आपण कधी हुंगलंच नाही? माझ्या वहीत हे आहे : तव्यावर भाकरीचा पदर सुटताना येतो तो वास. आगटीतला हुरडा. भाजलेले चिंचोके. काकवी. करडईच्या तेलाची फोडणी. पहिल्या पावसाने काळी भिजते तो मातीचा वास, हा निकाराग्वाच्या तंबाखूत मला बरेचदा येतो. आजी मात्र कुठल्याही सिगारला ‘चिरूट’ म्हणायची, तमिळ ‘शुरुट्टु’वरून आलेला शब्द, म्हणजे गुंडाळी. तिला लांबूनच कळायचं, ‘आज ओला दिसतोय चिरूट, विडीच्या कारखान्यासारखा वास येतोय.’ तिच्याकडे मीटर नव्हता.

एका सिगारवर निकाल द्यायचा नाही. हाताने वळलेली वस्तू आहे, डब्यातला एखादा बिघडलेला असतोच. एकाच डब्यातले तीन, तिन्ही ६५ च्या आसपास, वेगवेगळ्या दिवशी. तिन्हींत तोच दोष आला तर तो सिगारचा. एकात आला तर त्या कांडीचा. मे महिन्यात आला आणि डिसेंबरात नाही, तर आपला.

उपाशीपोटी बसू नका. सिगारचा धूर तोंडाच्या आतल्या कातडीतूनच निकोटिन देतो, छातीत न घेताही. घाम फुटला, मळमळ झाली, डोकं हलकं झालं तर लगेच ठेवून द्या, गुळाचा खडा आणि पाणी घ्या, आडवे व्हा. अशा वेळी सिगार संपवायचा आग्रह धरू नये, तो विझू द्यावा.

डिसेंबरातल्या त्या सिगारनंतर मी मे महिन्यातले तीन गुण खोडले आणि शेजारी लिहिलं, ‘ओलावा मोजला नव्हता.’ ज्या दोघांना ‘घेऊ नका’ म्हटलं होतं त्यांना त्याच डब्यातला एकेक पाठवला, सोबत ६५ चं पाकीट आणि मिठाच्या परीक्षेची कृती. जालन्याच्या भाऊजींचा परवा फोन आला. त्यांचा मीटर नऊने चुकत होता.